उजव्या कडेचा समुद्र

प्रिय मनाली,

पौष वद्य अष्टमीच्या सकाळी मी देवासाठी फुलं काढायला गच्चीवर गेलो होतो. सूर्य यायला अजून थोडा अवकाश होता. कुंडीतली जास्वंद परडीत टाकली आणि सहज वर पाहिलं, तर अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर, जरासा दक्षिणेला. डावा अर्धा उजळ होता, उजवा नव्हताच. कठड्याशी आपण अंध मुलांसाठी केलेल्या प्लास्टरच्या चंद्रांपैकी एक रंग सुकायला उभा होता. मी तो उचलला आणि आकाशातल्या चंद्राशेजारी धरला. का धरला ते मलाही सांगता येणार नाही. आकाशात डाव्या भागात एकच मोठा काळसर पसारा होता, शाई सांडावी तसा. माझ्या हातातल्या चंद्रात डावीकडे मात्र वेगवेगळी लहान तळी होती आणि अगदी कडेशी एक अंडाकृती डबकं. मोठा पसारा उजवीकडे. मी चंद्र खालचा वर केला. पसारा डावीकडे आला, पण मग खालचा गोरा, खडबडीत भाग डोक्यावर गेला. पुन्हा सरळ केला. पुन्हा फिरवला. कसाही धरला तरी जुळेना. खालून साईराजने हाक मारली, "बाबा, चहा निवला!" मी चंद्र गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ढकलला, आंघोळ केली आणि पूजेला बसलो. तीस वर्षं रोज म्हणतोय ते स्तोत्र त्या दिवशी दोनदा चुकलो. कुणाला काही बोललो नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. हे पत्र मी फोनवर एका बोटाने लिहितोय, म्हणजे तुझ्या फोनमधली बाई तुला ते वाचून दाखवेल. कानात इयरफोन घालून ऐक. तुझ्या आईला वाचायला देऊ नकोस. तिला मी उद्या येऊन तोंडाने सांगणार आहे. ती फोनमधली बाई माझं नाव भलत्याच ठिकाणी तोडते हे तू मागे हसत हसत सांगितलं होतंस. आज ती काय वाटेल ते तोडू दे, पण तू शेवटपर्यंत ऐक.

तू पाच वर्षांची असल्यापासून उन्हाळ्याच्या आणि गणपतीच्या सुट्टीत पेणला आमच्या कारखान्यात यायचीस. बाकीची पोरं मूर्तींवरून धावत जातील म्हणून कारखान्यातले जुने कारागीर दाजी त्यांना दारातच अडवायचे, पण तुला मात्र स्वतः हात धरून आत आणायचे. म्हणायचे, "ही पोरगी काय तोडणार नाय. ही बघून चालते, तुमीच आंधले." तू मूर्तीवरून बोटं फिरवायचीस आणि सोंड डावी की उजवी ते सांगायचीस. एकदा एका मूर्तीचं पाचवं बोट मी विसरलो होतो, ते नाही हे तुझ्या हाताला कळलं. रंगाऱ्याने ती मूर्ती रंगवून संपवली होती, तरी कुणाला दिसलं नव्हतं.

आणि ती चतुर्थी. आम्ही सगळे अंगणातून माना खाली घालून जात होतो, त्या दिवशी चंद्र बघितला तर खोटा आळ येतो म्हणून. तुझी आई ओरडत होती, "वर बघू नका रं कुणी!" आणि तू अंगणाच्या मधोमध तोंड वर करून उभी. म्हणालीस, "मी बघते. मला काय होनार नाय!" सगळे हसले. मीही हसलो. गेला महिनाभर मला ते आठवलं की जेवण जात नाही. ज्या एका मुलीने तो चंद्र कधी पाहिलाच नाही, आळ तिच्यावर आला, आणि तो आणणारा मी.

चूक कशी झाली ते तुला नीट सांगायला हवं, कारण सोमवारी शाळेच्या बैठकीत तुला विचारतील. तुमच्या शाळेच्या संस्थेने ठरवलं की अंध मुलांना हाताने वाचता येईल असा चंद्र करायचा, आपल्याकडे वळलेली बाजू, पालथ्या परातीएवढी. समुद्र गुळगुळीत, डोंगर खडबडीत, खड्डे बोट बुडेल एवढे. तू माझं नाव सुचवलंस. नकाशा आला. मी तो भिंतीला लावून दोन दिवस नुसता बघत बसलो. लहानपणी आम्हाला त्यात ससा दाखवायचे; शाळेत गुरुजी म्हणाले, ससा नाही, सपाट मैदानं आहेत, थिजलेल्या दगडी रसाची. मला दोन्ही खरं वाटायचं. तू विचारलंस, "मामा, पाणीच नाय तर समुद्र कशाला म्हणायचं?" मी सांगितलं, पूर्वीच्या माणसांना लांबून पाणी वाटलं, त्यांनी नावं दिली, पुढे कळलं तरी नावं तशीच राहिली. तुला ते फार आवडलं. संकटांचा समुद्र, शांततेचा समुद्र, पावसाचा समुद्र, वादळांचा महासागर. पाठ केलीस.

मूर्ती करताना आम्ही आधी मातीची मूर्ती घडवतो, मग तिच्यावरून साचा काढतो. चंद्राला मी शहाणपणा केला. मातीच्या गोलावर हजार खड्डे कोरायचे म्हणजे कड तुटते, बोट घसरतं. त्यापेक्षा साचाच आधी करावा. पोकळ वाडग्यासारखा साचा घ्यायचा आणि आतून मातीच्या बारीक गोळ्या चिकटवायच्या. साच्यात गोळी म्हणजे ओतकामात खड्डा. साच्यात खोदलं तर बाहेर डोंगर. मी आयुष्यभर साच्याच्या आत हात घालून काम केलंय, हे उलटं गणित मला झोपेतही येतं. उंचाचं खोल आणि खोलाचं उंच मी एकही चुकलो नाही. पण नकाशा बटर पेपरवर उतरवून तो वाडग्याच्या आत जसाच्या तसा, वाचता येईल असा चिकटवला. तो पालथा घालून चिकटवायला हवा होता. साच्यातलं डावं बाहेर उजवं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला आम्ही शिकवतो. गणपतीत ते माझ्याकडून होणारच नाही. सोंड चुकली तर त्या घराचं सोवळं-ओवळं चुकतं, मी त्याला भितो. गणपतीचा डावा कान मला माहीत आहे. चंद्राचा कुठला कान डावा ते मी कधी बघितलंच नव्हतं. आणि रात्री बघून कळतही नाही. उगवताना तो एका कुशीवर असतो, मावळताना दुसऱ्या. ससा सारखा कलंडत असतो.

पण खरी चूक ही नाही, मनू. ती पुढची.

मार्गशीर्षात तू समुद्रांच्या नावांच्या ब्रेल पट्ट्या घेऊन चार दिवस कारखान्यात बसलीस. संस्थेने दिलेला ब्रेलमधला कागद मांडीवर. पहिल्याच चंद्रावर हात फिरवलास आणि थांबलीस. म्हणालीस, "मामा, यात लिहिलंय संकटांचा समुद्र उजव्या कडेजवळ. मला तो डावीकडं लागतोय. अंगठा बसतो ना, तोच. आणि वादळांचा महासागर उजवीकडं पसरलाय. सगळं उलटं हाय." एवढं स्पष्ट. तुला पाच मिनिटं लागली. मी त्या वेळी दुसऱ्या ओतकामाला हात लावून बसलो होतो, प्लास्टर हातात घट्ट होत होतं, आणि मी वर न बघता सांगितलं, "अगो, तो आपल्याकडे तोंड करून बसलाय. देवाची उजवी म्हणजे आपली डावी. आमच्यात बाजू नेहमी मूर्तीची धरतात." तू म्हणालीस, "पण हा देव नाय, नकाशा हाय." तेव्हा मी चिडलो. म्हणालो, "मी डोळ्यांनी बघतोय ना? लाव तू."

तू मग आकार ओळखून जिथे जो समुद्र हाताला लागला तिथे त्याची पट्टी लावलीस. चाळीस चंद्रांवर, एकही पट्टी वाकडी नाही. मी डोळ्यांनी बघतोय, हे वाक्य मी तुला तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. आणि बघितलं मात्र नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. माघात संस्थेच्या समितीची माणसं आली, कार्यवाह आणि भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक बरोबर होते. प्राध्यापकांनी नकाशा शेजारी धरला आणि म्हणाले, नावं विरुद्ध बाजूला लागली आहेत. बरोबरच होतं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला सगळे डाग सारखेच दिसतात. अख्खा चंद्रच आरशातला आहे, असं कुणाच्या मनात येणार? नावं चुकली तर नावं लावणारीची चूक. कार्यवाह म्हणाले, "बिचारीला दिसत नाही, दोष तरी काय द्यायचा?" आणि असं म्हणत त्यांनी सगळा दोष दिला. तुझी परिविक्षेची दोन वर्षं या महिन्यात संपतात. सोमवारच्या बैठकीत तुला शिक्षिका म्हणून कायम करायचं की नाही हे ठरणार आहे, आणि तुझ्या कागदांत आता लिहिलंय की दिलेलं काम पडताळून न घेता केलं.

मी तेव्हा तिथेच उभा होतो. अष्टमीची सकाळ उलटून सोळा दिवस झाले होते. तुला विचारलं, तर तू एवढंच म्हणालीस, "मला शंका आली होती." कुणाला सांगितली होती, ते सांगितलं नाहीस. माझ्याकडे तोंडही वळवलं नाहीस. मला वाटलं होतं तू सांगशील, आणि खरं लिहितो, मला भीती होती की तू सांगशील. तू सांगितलं नाहीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी रोज देवापुढे बसून आठवतो.

मग त्यांनी मलाच सांगितलं, पट्ट्या खरवडून दुसऱ्या बाजूला लावा. आणि मी लावायला घेतल्या. तू लावलेल्या पट्ट्या मी पत्रीच्या पातळ पात्याने खरवडल्या. अकरा चंद्र केले. म्हणजे आता त्या अकरांवर संकटांच्या समुद्राचं नाव वादळांच्या महासागराच्या काठावर आहे. आधी निदान चंद्र आरशातला होता आणि नावं खरी होती. आता काहीच खरं नव्हतं. बाराव्याला पत्री लावली आणि परत खाली ठेवली. साईराजला म्हणालो, "साचा चुकलाय." त्याने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. डोलवीच्या कंपनीतली कंत्राटाची शिफ्ट सोडून तो या कामासाठी आला होता. पुढे दोनशे चंद्रांचं काम मिळणार होतं. गणपतीचे चार महिने सोडून वर्षभर हाताला काम, हे आमच्या धंद्यात कुणी बघितलेलं नाही. तो म्हणाला, "बाबा, पुढचा साचा नीट करू. कुणाला काय कळतंय? मनालीताईला शाळा काय दुसरी मिळंल." मी विचारलं, "कुठं मिळंल?" तो वाईट मुलगा नाही. त्याने ते म्हटलं आणि लगेच पाणी प्यायला उठून गेला.

तरीही मी आणखी दोन आठवडे काढले. शेवटी मला ज्याने हलवलं ते पुण्य वगैरे काही नव्हतं. गेल्या गुरुवारी तुझ्या आईचा वरशाच्या घरून फोन आला. मला वाटलं रागावेल. रंभा म्हणाली, "दादा, माझ्या पोरीनं तुझं नाव घालवलं रे. तू इतक्या मायेनं काम दिलंस आन् तिनं असं केलं. मी तिला बोलले खूप. तू मनात नको धरूस." मी फोन कानाला धरून उभा होतो. मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "नाय गो, मी काय मनात धरनार?" आणि फोन ठेवला. म्हणजे तुला घरातही कुणी विश्वासाने जवळ घेतलं नव्हतं, आणि त्या घरातली माफी माझ्याकडे आली होती. ती मी घेतली. त्यानंतर मला देवासमोर बसता येईना. हात जोडायचो आणि उठायचो.

आज सकाळी एक चंद्र गोणपाटात बांधला, नकाशा गुंडाळला आणि पेणहून गाडीत बसलो. कासूला एक म्हातारी चढली, तिने विचारलं, "काय हाय रं यात, गनपती?" मी म्हणालो, चंद्र. ती म्हणाली, "मंग बघू नको त्याच्याकडं," आणि हसली. रोह्याला उतरेपर्यंत मी दोनदा ठरवलं की पुढच्या गाडीने परत जावं. फलाटावरच्या बाकावर बसलो. मग उठलो.

संस्थेत कार्यवाह आणि ते प्राध्यापक दोघेही होते. तू वर्गात होतीस. जिन्यातून तुझा आवाज येत होता, मुलांना काहीतरी मोजायला सांगत होतीस. मी चंद्र टेबलावर ठेवला आणि म्हणालो, एक आरसा द्या. तुमच्या संस्थेत आरसा नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिपाई इकडेतिकडे शोधून आला. शेवटी त्याने आपल्या मोटारसायकलचा आरसा पान्याने काढून आणला. इवलासा. त्यात चंद्र तुकड्यातुकड्याने बघावा लागला. प्राध्यापकांनी एका हाताने आरसा फिरवला, दुसऱ्या हाताने नकाशा धरला. मग ते म्हणाले, "अहो, म्हणजे तिने लावलेलं प्रत्येक नाव योग्य आकारावर होतं." मी म्हणालो, होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कार्यवाहांनी मात्र हिशोबी तोडगा काढला. म्हणाले, "तांत्रिक दोष असं लिहू. तुम्ही चंद्र परत न्या, कुणाचंच नाव नको." मी म्हणालो, माझं लिहा, आणि कागद मागितला. लिहून दिलं. साचा मी चुकवला. अष्टमीला मला कळलं आणि मी लपवलं. आणि ही चूक सगळ्यात आधी मनालीने हाताने ओळखून मला सांगितली होती, मीच तिला गप्प केलं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "पहिली गोष्ट आरशात दिसली, दुसरी तुम्ही स्वतःवरच घेतलीत. ही कशी मानायची? भाचीसाठी मामा काय वाटेल ते लिहील. हिने तेव्हा तर तुमचं नाव घेतलं नाही. सोमवारी तिलाच विचारू."

म्हणून हे पत्र. सोमवारी ते तुला विचारतील, त्या दिवशी मामाला सांगितलं होतंस का. मी तुला ओळखतो. मला वाचवायला तू म्हणशील, नाही, आठवत नाही. असं म्हणू नकोस. चूक साच्याची ठरली तरी तुझ्या कागदावर तेच राहील, की हिला कळलं नाही, हिने पडताळलं नाही. आणि तुला कळलं होतं. देवाची उजवी म्हणजे आपली डावी, हे माझे शब्द जसेच्या तसे सांग. मी डोळ्यांनी बघतोय, हेही सांग. दोनशे चंद्रांचं काम गेलं. साईराज सोमवारपासून पुन्हा शिफ्टला जाईल, माझ्याशी तो सध्या बोलत नाही, बोलेल कधीतरी. त्याचं ओझं तू घेऊ नकोस. कार्यवाहांनी मला सांगितलं होतं, ते शेवटचं वाक्य खोडा, बाकीचं पुरेसं आहे. मी खोडलं नाही. त्याच्याखाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं आणि सही करून कागद त्यांच्या हातात दिला.

तुझाच,
हिरामण मामा